स्प्लेंडरचं इंजिन घरी उतरवायचं? आधी दुखणं कुठे आहे ते ओळखा

प्रश्न थोडक्यात असा आहे: 2009 सालची हिरो होंडा स्प्लेंडर प्लस, कार्बोरेटरवाली, किकवर चालू होणारी. मीटर ऐंशी हजारांच्या पुढे गेलंय. सकाळी चालू केली की निळसर धूर येतो, दोन ऑईल बदलांच्या मध्ये ऑईल भरावं लागतं, आणि डाव्या बाजूने खडखड ऐकू येते. गॅरेजमध्ये ‘पूर्ण इंजिन करावं लागेल’ असं सांगितलंय. घरामागे पत्र्याची शेड आहे, पाने आहेत, थोडाफार हात बसलेला आहे. तर इंजिन घरीच उतरवून दुरुस्त करता येईल का?

करता येईल. पण तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून तरी इंजिन फ्रेममधून काढायची वेळ आलीये असं मला वाटत नाही. स्प्लेंडरचं इंजिन 97.2 सीसीचं, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 50 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 49.5 मिमी, आणि सिलिंडर पुढच्या बाजूला जवळजवळ आडवा झोपलेला. या रचनेचा मोठा फायदा म्हणजे हेड, ब्लॉक, पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, टायमिंग चेन (क्रँकवरून व्हॉल्व्ह चालवणारी साखळी), मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचं, वीज तयार करणारं चाक) आणि क्लच ही सगळी कामं इंजिन गाडीवर असतानाच होतात. इंजिन खाली घ्यायची खरी गरज पडते ती कनेक्टिंग रॉड, क्रँकची बेअरिंगं, गिअरबॉक्स किंवा किक शाफ्टचं काम निघालं तरच. या चारांपैकी काही गेलंय का, हे पाना हातात घेण्याआधी ठरवायचं. घरी काम करणाऱ्यांचा सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा इथेच वाया जातो: आधी सगळं उघडतात, मग काय बिघडलंय ते शोधत बसतात. उघडलेल्या इंजिनाचा आवाज येत नाही आणि धूरही दिसत नाही. निम्मे पुरावे तुम्ही स्वतःच पुसून टाकलेले असतात.

धुरापासून सुरुवात करा. सकाळी पहिल्या किकला निळा धूर, मिनिटभरात बंद, आणि नंतर दिवसभर काही नाही, असं असेल तर बहुतेक व्हॉल्व्हचे ऑईल सील कडक झालेत. रात्रभर थेंब थेंब ऑईल गाईडमधून खाली झिरपतं आणि सकाळी जळतं. गाडी चढाला रेस केल्यावर किंवा डबलसीट ओढताना मागे सतत निळा पट्टा दिसत असेल तर रिंगा किंवा बोअर. थंडीत पांढरट वाफ येते आणि विरते, ते सायलेन्सरमधलं पाणी असतं, त्यासाठी काहीही उघडू नका. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. तिथे कार्बोरेटर आणि एअर फिल्टर बघायचा, इंजिन नाही.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब. गेज विकत घ्या किंवा ओळखीच्या गॅरेजमधून तासाभरासाठी मागून आणा. इंजिन गरम करा, प्लग काढून गेज बसवा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून आकडा चढायचा थांबेपर्यंत किक मारा. आकडा लिहून ठेवा. आता प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑईल टाका आणि पुन्हा मोजा. आकडा चांगला वर गेला तर रिंगा-बोअर झिजलेत, कारण ऑईलने ती फट तेवढ्यापुरती भरून काढली. आकडा जिथल्या तिथे राहिला तर गळती व्हॉल्व्हमधून आहे. यात एक मेख आहे. सिलिंडर आडवा असल्यामुळे टाकलेलं ऑईल खालच्या बाजूला साचतं, रिंगेभोवती सगळीकडे आपोआप पोचत नाही. म्हणून ऑईल टाकल्यावर गेज लावायच्या आधी चार-सहा किका तशाच मारा, प्लगच्या भोकावर फडकं धरून. नाहीतर चाचणी खोटं सांगते आणि गेलेल्या रिंगांचा दोष व्हॉल्व्हवर जातो.

आवाजासाठी लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर घ्या. टोक इंजिनवर, मूठ कानाच्या मागच्या हाडाला टेकवा. हेडवर बारीक टिकटिक असेल तर टॅपेट (व्हॉल्व्हची फट लावायचे स्क्रू) ढिले आहेत. डाव्या बाजूला, हेडपासून मॅग्नेटच्या झाकणापर्यंत साखळी घासल्यासारखी खळखळ असेल आणि रेस सोडताना ती वाढत असेल, तर टायमिंग चेन किंवा टेन्शनरचा रबरी रोलर. थंड असताना ठकठक आणि गरम झाल्यावर कमी, म्हणजे पिस्टन बोअरमध्ये हलतोय. खाली, क्रँकच्या जागी, वजन पडल्यावर जड ठोका येत असेल आणि तो पायाच्या रेस्टमध्येही जाणवत असेल, तर कनेक्टिंग रॉड. तुमची खडखड डावीकडे आहे म्हणता. मी पैज चेनवर लावीन, पण ऐकून खात्री करा. उजवीकडून येणारा आवाज क्लच दाबल्यावर बदलत असेल तर तो क्लचचा आहे, त्यासाठी हेडला हातसुद्धा लावायचा नाही.

आता हत्यारं. साधे पाने तुमच्याकडे आहेतच. त्यात भर म्हणून मॅग्नेट पुलर, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), चांगला टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच आवळणारा) आणि ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट स्क्रू-ड्रायव्हर एवढं हवंच. पुलरशिवाय मॅग्नेट काढायचा प्रयत्न करू नका. मॅग्नेटच्या मध्यभागी पुलरसाठी आटे दिलेले असतात, त्यात पुलर पूर्ण बसवून मधला बोल्ट आवळला की मॅग्नेट ‘टक’ करून सुटतो. हातोडीने सोडवलेल्या मॅग्नेटमुळे क्रँकचं टोक वाकतं, मग त्याच्या मागचा सील कितीही नवा टाका, ऑईल येतच राहतं. आतली छोटी अर्धचंद्राकृती चावी तेव्हाच काढून डबीत ठेवा. ती हरवते आणि दुकानात मिळेपर्यंत काम अडून राहतं.

टॉर्क पान्याबद्दल लोक कंटाळा करतात, म्हणून आकड्यात सांगतो. 10 नंबरचा पाना लागणारा बोल्ट प्रत्यक्षात 6 मिमीचा असतो आणि त्याला साधारण 10 न्यूटन-मीटर पुरेसं असतं. 8 मिमीच्या बोल्टला 22 च्या आसपास. हे होंडाच्या रचनेतले सर्वसाधारण आकडे. हेडचे नट, मॅग्नेटचा नट, क्लचचा नट यांचे वेगळे आकडे तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या. 10 न्यूटन-मीटर म्हणजे मनगटाने आवळल्यावर येणारा जोर, खांद्याने नव्हे. अ‍ॅल्युमिनियमचे आटे एकदा गेले की हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवण्याचं काम वाढतं.

आधी हेड-ब्लॉक. आदल्या दिवशी सायलेन्सरच्या दोन्ही नटांवर आणि स्टडवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. इतक्या वर्षांचा स्टड कोरडा फिरवलात तर हेडमध्येच तुटतो आणि ड्रिल करून काढावा लागतो. दुसऱ्या दिवशी गाडी मेन स्टँडवर घ्या, ऑईल गरम असताना काढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. सायलेन्सर, कार्बोरेटर, प्लगची कॅप बाजूला. डावीकडचं मॅग्नेटचं झाकण आणि हेडचं गोल झाकण काढलं की टायमिंग गरारी दिसते.

मॅग्नेट घड्याळाच्या उलट दिशेने फिरवत ‘टी’ची खूण बॉडीवरच्या खुणेसमोर आणा. त्याच वेळी वरच्या गरारीवरची ‘ओ’ खूण हेडवरच्या खाचेसमोर आली पाहिजे आणि दोन्ही टॅपेट हाताला किंचित सैल लागले पाहिजेत. तशी आली नाही तर क्रँक आणखी एक फेरी फिरवा. जमलं की मोबाईलवर फोटो काढा, सरळ समोरून, तिरका नको. पुढे चेन जोडताना याच फोटोवर सगळं अवलंबून आहे. गरारी सोडवल्यावर चेनला तारेचा तुकडा बांधून फ्रेमला अडकवा, नाहीतर ती आत घसरते.

हेडचे चार नट कोपऱ्या-कोपऱ्याने, प्रत्येकी अर्धा-पाऊण आटा असे टप्प्याने सैल करा. बाजूला 6 मिमीचे छोटे बोल्ट असतात, ते विसरले जातात आणि मग हेड निघत नाही म्हणून लोक फटके मारत बसतात. फटका मारावा लागत असेल तर थांबा, कुठेतरी बोल्ट राहिलाय. नटांखालचे वॉशर ज्या जागेचे त्याच जागी परत गेले पाहिजेत, विशेषतः तांब्याचा वॉशर. तो ऑईल झिरपू नये म्हणून आहे. पुठ्ठ्यावर हेडचं चित्र काढून नट-वॉशर त्याच जागी टोचून ठेवले की घोळ होत नाही.

ब्लॉक सरकवून काढताना पिस्टन खाली आपटू देऊ नका. आणि पिस्टन पिनचं लॉक काढायच्या आधी क्रँककेसचं तोंड स्वच्छ फडक्याने गच्च बुजवा. ते लॉक चिमट्यातून उडतं आणि नेमकं आत जातं. मग फक्त रिंगा बदलायला निघालेल्या माणसाला खरंच इंजिन उतरवावं लागतं. जुनं लॉक परत कधीच वापरायचं नाही.

आता मोजमाप. या कामातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग हाच, आणि घरी हाच टाळला जातो. ब्लॉक पुसून उजेडाकडे धरा. बोअरच्या वरच्या टोकाला, रिंग जिथून परत फिरते तिथे नख वरखाली फिरवा. नख अडकणारी कड लागली तर बोअर झिजलाय, तिथे नुसत्या नव्या रिंगा टाकून काही दिवसच बरं वाटेल. उभे खोल ओरखडे असतील तरी तेच. बोअर गुळगुळीत असेल तर नवी रिंग पिस्टनशिवाय बोअरमध्ये ठेवा, पिस्टनच्या माथ्याने ढकलून सरळ बसवा आणि तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने मोजा. नव्या रिंगेला ती साधारण 0.1 ते 0.3 मिमीच्या दरम्यान असावी. नवी रिंग टाकूनही फट अर्ध्या मिलिमीटरकडे जात असेल तर बोअर मोठा झालाय, हे लेथवर न जाताही कळतं. हीच मोजणी बोअरच्या वरच्या आणि खालच्या भागात वेगवेगळी करा. फरक आला तर बोअर उतरता झालाय.

बोअर गेलाय असं ठरलं तर दोन रस्ते आहेत: ओव्हरसाईज पिस्टन घेऊन ब्लॉक बोअर करून आणणं, किंवा ब्लॉक-पिस्टनचा नवा संच. ओव्हरसाईज पिस्टन 0.25 मिमीच्या टप्प्यांनी येतात. आधी पिस्टन विकत घ्या आणि तो हातात घेऊनच लेथवर जा. कारागीर त्या पिस्टनच्या मापाने बोअर करतो, उलटं नाही. पिस्टन न मागता बोअर करून द्यायला तयार असलेल्या दुकानात काम देऊ नका. बोअरनंतर होनिंग झालंय ना ते बघा, भिंतीवर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेघा दिसायला हव्यात. ऑईल धरून ठेवायचं काम त्यांचंच. घरी आणल्यावर ब्लॉक साबणाच्या गरम पाण्याने ब्रशने धुवा आणि लगेच कोरडा करून ऑईल लावा. होनिंगची बारीक भुकटी पेट्रोलने निघत नाही, साबणाने निघते. ही पायरी गाळली तर नव्या रिंगा लवकरच घासल्या जातात.

सामान घेताना खात्रीच्या दुकानातून घ्या. पुण्याच्या बाजूला असाल तर नाना पेठेत या गाडीचा एकूण एक भाग मिळतो, पण एकाच खोक्यासारखी खोकी तिथे दोन-तीन भावांत दिसतील. रिंगा, व्हॉल्व्ह सील आणि टायमिंग चेन यांत काटकसर नको. पॅकिंगचा संच पूर्ण नवाच घ्या.

हेडचं काम घरी छान होतं. व्हॉल्व्ह काढून कार्बन पितळी ब्रशने आणि लाकडाच्या तुकड्याने साफ करा, लोखंडी पटाशी नको. लॅपिंग पेस्ट (घासायची खरबरीत पेस्ट) लावून व्हॉल्व्ह सीटवर फिरवा, राखाडी रंगाचा सलग पट्टा आला की थांबा. मग व्हॉल्व्ह-स्प्रिंग बसवून इनटेकच्या तोंडात थोडं डिझेल ओता आणि पाच मिनिटं बघा. व्हॉल्व्हच्या कडेने ओल फुटली नाही तर काम झालं. व्हॉल्व्हची दांडी गाईडमध्ये डावी-उजवी डुगडुगत असेल तर मात्र नवे सील टिकणार नाहीत, गाईड लेथवाल्याकडून बदलून घ्या.

जोडताना पिस्टनवरची ‘इन’ खूण इनटेकच्या बाजूला, म्हणजे या आडव्या सिलिंडरमध्ये वरच्या अंगाला. रिंगांवरची अक्षरं पिस्टनच्या माथ्याकडे. रिंगांची तोंडं एका रेषेत नकोत, 120 अंशांवर वाटून ठेवा. बोअरला, पिस्टनला, पिनला ऑईल लावा. चेन बसवल्यावर मॅग्नेट हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवा आणि खुणा पुन्हा तपासा. कुठे अडतंय असं वाटलं तर जोर लावू नका, टायमिंग एका दाताने चुकलेलं असू शकतं. टॅपेट थंड इंजिनवर लावायचे. फट मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी असते, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये आहे. अंदाजाने आवळलेला टॅपेट व्हॉल्व्ह जाळतो.

आता, तपासणीत ठोका खालचाच निघाला तर. ब्लॉक काढलेला असताना कनेक्टिंग रॉड दोन्ही हातांनी धरून सरळ वर-खाली ओढा. डाव्या-उजव्या बाजूला थोडा सरकतो, ते ठीक आहे. पण वर-खाली जाणवण्याइतकी हालचाल असेल तर रॉडचं बेअरिंग गेलंय आणि इंजिन उतरवणं आलं.

उतरवायच्या आधी, इंजिन फ्रेममध्ये घट्ट असतानाच मोठे नट सैल करून घ्या. मागचा ब्रेक दाबून पुढच्या गरारीचे बोल्ट, मग मॅग्नेटचा नट, क्लचच्या झाकणाआतला नट. टेबलावर हेच इंजिन हाताखाली फिरत राहतं आणि नट सुटत नाही. उजवीकडचं झाकण उघडलंच आहे तर क्रँकवरचा ऑईल फिल्टर उघडून बघा. फिरण्याच्या वेगाने कचरा कडेला फेकणारा हा फिल्टर वर्षानुवर्षं कोणी साफ केलेला नसतो, आत काळी खीर घट्ट बसलेली सापडते. मग चेन, क्लचची केबल, गिअरचा लिव्हर, फूटरेस्टचा दांडा, वायरिंगच्या जोडण्या. प्रत्येक वायरचा सुटण्याआधी फोटो. इंजिनखाली लाकडी ठोकळे किंवा जॅक लावून वजन त्यावर घ्या आणि मग माउंटिंगचे बोल्ट काढा. बोल्ट येत नसेल तर वजन त्याच्यावर आहे, जॅक किंचित वरखाली केला की बोटाने निघतो. उचलताना सोबतीला एक माणूस हवाच. इंजिन फार जड नाही, पण फ्रेममधून तिरकं काढताना बोटं चेमटतात.

क्रँककेस उघडताना दोन भागांच्या मध्ये स्क्रू-ड्रायव्हर घालू नका, तिथे पडलेली खोक कुठल्याही पॅकिंगने भरत नाही. लाकडी किंवा रबरी हातोडीने टिचकावत जा. गिअर शाफ्टांची माळ जशी आहे तशी रबर लावून बांधा, वॉशरसकट. क्रँक मात्र लेथवाल्याचाच. त्याची पिन प्रेसने ठोकलेली असते. रॉड बदलल्यावर क्रँक व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजने सरळ करावा लागतो. घरच्या व्हाइसमध्ये हे होत नाही, आणि वाकडा क्रँक नवी बेअरिंगं खाऊन टाकतो.

केस फुटलेला निघाला तर भंगारातला दुसरा आणून बसवायचा सल्ला तुम्हाला मिळेल. ऐकू नका. इंजिन नंबर त्या केसवरच असतो आणि तोच तुमच्या आरसीवर आहे. केस बदलायचाच असेल तर बिलासह घ्या आणि आरटीओत नोंद करून घ्या.

सुटे भाग धुवायला डिझेल वापरा, पेट्रोल नको. बंद शेडमध्ये पेट्रोलची वाफ जमिनीलगत साचते आणि स्विचच्या ठिणगीनेही पेट घेते. काढलेलं ऑईल गटारात ओतू नका, कॅनमध्ये भरून जुनं ऑईल जमा करणाऱ्या गॅरेजला द्या.

सगळं जोडल्यावर लगेच चालू करू नका. ऑईल भरा, प्लग काढलेला ठेवा आणि वरचं टॅपेटचं झाकण सैल करून सावकाश किका मारत राहा. हेडमध्ये ऑईल पोचल्याची ओल दिसली की प्लग लावा. पहिले 500 किलोमीटर एका वेगाने ताणू नका, ओझं लादू नका, चढाला खालचा गिअर घ्या. 500 ला ऑईल बदला आणि क्रँकवरचा ऑईल फिल्टर साफ करा, टॅपेट पुन्हा तपासा. सुरुवातीला जोडताना लावलेलं ऑईल जळून थोडा धूर येईल, तो एक-दोन दिवसांत जायला हवा. हजार किलोमीटरनंतरही रेस केल्यावर निळा पट्टा दिसत असेल तर कॉम्प्रेशन परत मोजा, तेही ऑईल टाकून आणि न टाकता, आणि दोन्ही आकडे आधी लिहून ठेवलेल्यांशेजारी लिहा.